बाळंतिणीची शेगडी

पिनो आल्तो, ५ डिसेंबर १९९७

फिना,

तुझ्या नवऱ्याचा ट्रक लेंचाच्या खानावळीसमोर उभा दिसला, म्हणून घाईघाईने खरडते आहे. त्याचं सूप संपेपर्यंत वेळ आहे, आणि क्रेसेन्सिओ सूप किती सावकाश पितो हे तुला मी सांगायला नको.

तुम्ही समुद्रकाठची माणसं डिसेंबरातही पंखा लावून झोपता, तुम्हाला आमची दशा काय कळणार. इथे परवापासून बर्फ पडतंय. टेलिफोनची तार तुटली आहे, हौदातलं पाणी कुऱ्हाडीने फोडावं लागतंय. आणि नेमकी आमच्या ओतिलियाची वेळ नाताळात आली आहे. नाबोर ऑगस्टमध्ये सरहद्द ओलांडून अमेरिकेत कोलोरादोला छपरं घालायच्या कामावर गेला तो सून माझ्या पदरात टाकूनच. जाताना म्हणाला, आई, तिला जप. मी म्हटलं, चार बाळंतपणं मी स्वतःची निभावली आहेत, हे पाचवं काय अवघड आहे.

अवघड आहे ते खोलीचं. चूल स्वयंपाकघरात, पण ते दार दिवसभर उघडं-बंद. बाळंतीण तिथे ठेवली तर चाळीस दिवसांत चाळीसदा वारं लागेल. आतली खोली बरी, पण भिंती नुसत्या फळ्यांच्या आणि धुराडं नाही. आपल्या वेळेला घमेल्यात निखारे ठेवायचे. ही दुरांगो शहरातली पोर, निखारे पाहिले तरी खोकते. म्हणून गॅसची शेगडी हवी, उचलून कुठेही ठेवता येईल अशी. इथल्या दुकानात होत्या तेवढ्या पहिल्या बर्फातच संपल्या. दुकानदार मला विजेची दाखवत होता. बर्फ पडलं की वीज जाते, हे त्याला ठाऊक नाही असं नाही.

क्रेसेन्सिओला सांग, दुरांगोत बघ. रंगरूप नको, ऊब हवी.

सून अजून मला "दोन्या तोमासा" म्हणते, परक्या बाईला मानाने म्हणावं तसं. दीड वर्ष झालं लग्नाला, एकदाही आई नाही. मी जीभ चावून गप्प बसते. पोर वाईट नाही.

तोमासा


मासात्लान, १३ डिसेंबर

ताई,

तुझ्या शेगडीपायी माझ्या नवऱ्याने अख्खं दुरांगो पालथं घातलं आणि वर मला ऐकवतो, तुझ्या बहिणीला सून नको, भट्टी हवी आहे. दोन दुकानांत फळ्या रिकाम्या. तिसऱ्यात शेगडी होती तर नळी नव्हती. शेवटी शहराबाहेर एक जण सरहद्दीपलीकडची जुनी यंत्रं विकतो, त्याच्याकडे ही मिळाली. सिलिंडरच्या डोक्यावरच बसते, वर जाळीची गोल थाळी, पेटली की लालबुंद होते. पलीकडचे गवंडी उघड्यावर गिलावा सुकवायला वापरतात म्हणे.

तिचे आटे आपल्या सिलिंडरला बसेनात. गॅस भरतात त्या आवारातल्या एवारिस्तोने मध्ये पितळी सांधा घालून दिला, साबणाचा फेस लावून तपासलं, बुडबुडा आला नाही. दोन भरलेले सिलिंडर बरोबर पाठवते, कारण बर्फात गॅसची गाडी तुमच्याकडे चढायची नाही.

आणि एक निरोप. क्रेसेन्सिओ शेजारी उभा राहून लिहायला लावतो आहे. एवारिस्तो म्हणाला, ही वस्तू उघड्यावरची आहे. खोलीत लावायची तर खिडकी वीतभर उघडी ठेवायची आणि झोपताना शेगडी बंद करायची. बघ, लिहिलं. आता तरी हा माणूस आंघोळीला जाईल.

सुकट पाठवली आहे. सुनेला देऊ नकोस, बाधेल. तूच खा.

फिना


पिनो आल्तो, २८ डिसेंबर

फिना,

मुलगी झाली. नाताळच्या दिवशी, भर दुपारी, सुईण अजून जेवत होती तेवढ्यात. नोएमी नाव ठेवलं आहे. डोक्यावर जावळ असं की टोपी बसत नाही. मी तिला हातात घेतलं आणि रडले, उगाच कशाला लपवू. नाबोरला लेंचाने खालच्या गावातून फोन लावून कळवलं. तो तिकडे छपरावरच ओरडला म्हणे.

चाळीसावा दिवस बरोबर दोन फेब्रुवारीला, कान्देलारियाच्या सणाला येतो. मी ओतिलियाला म्हटलं, देवाच्या आईनेसुद्धा चाळीस दिवस काढले आणि त्याच दिवशी उठली, तुला काय धाड भरली आहे. ती हसली. तिची आई, दोन्या आबुंदिया, त्या दिवशी दुरांगोहून येणार. मक्याच्या पानांत बांधून तामाले उकडू, खिडक्या उघडू, पोर सगळ्यांना दाखवू. तोवर कानात बोळे, डोक्याला फडकं, कोंबडीचा रस्सा.

शेगडी चांगली आहे. पहिले दोन दिवस तिचा फुसफुस आवाज ऐकून मीच घाबरून दाराशी बसत होते. खोली अशी उबते की भिंतीच्या फळ्या कडकड वाजतात. पण ती वीतभर खिडकी माझा जीव खाते. दरीतलं वारं तिथून सरळ आत येतं आणि बाळंतिणीच्या पाठीवर आपटतं. पोतं लावलं तर ते फडफडतं. मी खिडकीला पाठ लावून बसते, पण मी तरी किती वेळ बसू? चुलीकडे कोण बघणार?

एकीकडे एवारिस्तोचा निरोप, एकीकडे वारं. माझं मन ठरत नाही. तुझं वारं तूच भोगलंस, तूच सांग.

तोमासा


मासात्लान, ३ जानेवारी

ताई,

नातीला माझ्या शंभर पाप्या. पण तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. उघडी खिडकी, बाळंतिणीच्या पाठीमागे, जानेवारीत?

माझं तोंड विसरलीस? माझा रोसेंदो अकरा दिवसांचा होता. रस्त्यावरून वाजतगाजत मिरवणूक चालली होती, मी नुसती दारात उभी राहिले, फार तर दोन गाणी होईपर्यंत. संध्याकाळी ओठ कानाकडे सरकला तो सरकलाच. डोळा मिटेना, पाणी प्यायले तर गालावरून ओघळे. तेव्हापासून आजतागायत एका तरी फोटोत मी सरळ बसलेली दिसते का? क्रेसेन्सिओ म्हणतो, लग्न आधीच झालं होतं म्हणून अडकलो. मी हसते. रडण्यापेक्षा हसलेलं बरं.

एवारिस्तो भला माणूस असेल, पण त्याने कधी सिलिंडर सोडून काही जन्माला घातलं आहे का? ज्याचं त्याने सांगावं. खिडकी बंद कर, फटीत चिंध्या कोंब, वरून गोधडी ठोक. पोर तरणी आहे, पुढे सगळं आयुष्य आहे. माझ्यासारखं तोंड घेऊन तिला नाबोरसमोर बसायला लावू नकोस.

क्रेसेन्सिओ मागून पुटपुटतो आहे की एवारिस्तोने खिडकी उघडी ठेवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, तू तुझ्या टायरांत हवा बघ.

फिना


पिनो आल्तो, १२ जानेवारी

फिना,

तुझं ऐकलं. त्याच दिवशी खिडकी बंद केली. चिंध्या मेणात बुडवून फटीत बसवल्या, वर आईची जाड गोधडी ठोकली. दाराच्या उंबऱ्यालाही कांबळं गुंडाळून ठेवते. आता खोलीत मेणबत्ती लावली तर ज्योत हलत नाही. माझा जीव शांत झाला, आणि गॅसही कमी लागतो.

पण सूनबाईचं नवंच सुरू झालं आहे. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात. रस्सा दिला तो ओकली. सकाळी उठली की म्हणते, दोन्या तोमासा, खिडकी थोडी उघडा ना. दुपारी परत तेच. मी तुझ्या तोंडाची गोष्ट सांगितली, तर म्हणते, तोंड वाकडं झालं तरी चालेल, पण डोकं फुटतंय. बघितलंस, शहरातल्या पोरी. परवा माझा डोळा चुकवून स्वयंपाकघरात येऊन बसली. तिथे अर्ध्या घटकेत एकदम टवटवीत, लेंचाच्या सुनेशी गप्पा काय, हसणं काय. म्हणजे दुखणं खरं की गप्पांची भूक, तूच सांग. मी तिला दटावून आत पाठवली.

पोर मात्र गुणाची. खोलीत दिवसभर झोपून असते, रडणं माहीतच नाही. अंगावर प्यायलासुद्धा उठवावी लागते. फक्त मी आंघोळीला चुलीपाशी नेते तेव्हा घर डोक्यावर घेते. धूर सोसत नसावा.

आणखी एक. शेगडीची थाळी पूर्वी लाल असायची, आता मधूनमधून पिवळ्या जिभा निघतात. एवारिस्तोला विचारायला सांग, जाळी साफ करायची असते का.

ओतिलियाच्या डोक्याला काय बांधू तेही कळव. काळजी वाटते.

तोमासा


मासात्लान, १५ जानेवारी

ताई,

क्रेसेन्सिओ उद्या पहाटे चढणार आहे, त्याच्याच हाती देते.

डोकेदुखी म्हणजे वारं आधीच शिरलेलं आहे. ती वीतभर खिडकी इतके दिवस उघडी होती ना, तिचं हे फळ. माझंही तोंड जायच्या आधी कानामागे असंच ठणकलं होतं. आता जे आत गेलं ते बाहेर काढायला हवं. अंगावरून अंडं उतरव, कपाळावर कडू पाल्याचा लेप लाव, आणि ती खोली सोडून तिला एक पाऊल बाहेर टाकू देऊ नकोस. स्वयंपाकघर तर मुळीच नाही. उबेतून उठून थंडीत, थंडीतून परत उबेत, याच्यानेच माणूस जातं. रडली, चिडली, तर चिडू दे. तिची आई असती तर तिनेही हेच केलं असतं.

पिवळ्या जिभांचं क्रेसेन्सिओच्या कानावर घातलं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, उद्या थांबून मी स्वतः बघतो. पण उद्या त्याच्या ट्रकमध्ये बर्फात घातलेली कोळंबी आहे, तो थांबला तर मालक त्याला खाईल. परतीच्या फेरीत थांबेल. तोवर जाळी जुन्या दातघासणीने घासून घे.

फिना


पिनो आल्तो, २७ जानेवारी

फिना,

क्रेसेन्सिओने तुला सांगितलंच असेल. तो परतीला थांबला तेव्हा आम्ही ओतिलियाला पुरून आलो होतो.

मी तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार. गेल्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी ओतिलिया म्हणाली, पोरीला आंघोळीला नेताय तर मीही चुलीपाशी येते. मी म्हटलं, मुळीच नाही. तिने हट्ट केला नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. मी पोरीला घेतलं, दार ओढलं आणि बाहेरून उंबऱ्याला कांबळं नीट लावलं. चुलीपाशी पोर अशी ओरडत होती, अशी पाय झाडत होती की मला कौतुक वाटलं. तेल चोळलं, न्हाऊ घातलं, मग लेंचा तामाल्याची पानं विचारायला आली, तिच्याशी बोलत बसले. पोर माझ्या मांडीवर झोपली. मी तिला लगेच आत नेली नाही. ती वाचली ती एवढ्याने.

आत गेले तर ओतिलिया तशीच, भिंतीकडे तोंड करून. गाल गुलाबी होते. देवाची शपथ फिना, मला वाटलं, बरं झालं, रंग भरला. मी हाक मारली. मग खांद्याला हात लावला.

दवाखान्याचा डॉक्टर आला. त्याने शेगडी पाहिली, गोधडी पाहिली, चिंध्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, हवा जायला जागाच ठेवली नव्हती.

नाबोर चौथ्या दिवशी पोचला. दोन रात्री बसमध्ये काढून आलेला. जेवला नाही, रडला नाही. खोलीत गेला आणि बाहेर येऊन मला विचारलं, खिडकी कोणी कोंबली?

मी म्हटलं, तिनेच. थंडी सोसत नव्हती तिला.

माझ्या तोंडून कसं निघालं मला कळत नाही. त्याचे डोळे माझ्यावर होते आणि पोर माझ्या कडेवर होती. त्याने विश्वास ठेवला. दुखवट्याला आलेल्या दोन्या आबुंदियालाही त्याने तेच सांगितलं. ती बाई दुरांगोला परत गेली. कान्देलारियाला येणार आहे, नातीला बघायला.

आता नाबोर म्हणतो, पोर तुझ्याकडे ठेवून मी मार्चमध्ये परत जातो. शेळीचं दूध पाजते आहे, पिते चांगली. हीच मला जगवते आहे. म्हणून तुझ्या पाया पडते, कोणी विचारलं तर तूही तेच सांग. क्रेसेन्सिओलाही सांग. ओतिलियाला आता काय फरक पडतो.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. काल नाबोर कबरीपाशी उभा होता. मी मागून गेले तर तो तिच्याशी भांडत होता. म्हणत होता, माझा नाही तर नाही, लेकराचा तरी विचार करायचा होतास.

तोमासा


मासात्लान, ३० जानेवारी

ताई,

मी तसं सांगणार नाही.

गेले दहा दिवस क्रेसेन्सिओ माझ्याशी बोलत नाही. शिव्या देत नाही, ताट दिलं तर जेवतो, आणि उठून ट्रकमध्ये झोपायला जातो. त्याने मला तीनदा सांगितलं होतं, मी त्याला टायरांकडे पाठवलं. तू हाताने केलंस आणि मी तोंडाने केलं. तुझ्यापेक्षा माझंच जास्त आहे, कारण तू विचारलं होतंस. तुझं मन ठरत नव्हतं, मी ठरवून दिलं.

माझं नाव सांग. नाबोरला म्हण, मावशीने लिहिलं म्हणून केलं. तो माझं तोंड बघणार नाही, नको बघू दे. मी वर येऊन त्याच्यासमोर उभी राहायला तयार आहे, बोलव, येते.

पण त्या पोरीवर नको, ताई. ती रोज सांगत होती. तूच मला लिहिलंस, सकाळी सांगते, दुपारी सांगते. आपण दोघींनी तिला मारलं आणि आता तिच्याच नवऱ्याला तिच्या कबरीवर भांडायला पाठवतो आहोत. तो जन्मभर तिच्यावर रागावून राहील. आणि नोएमी मोठी झाली की तिलाही तू हेच सांगशील? तुझी आई थंडीला घाबरून मेली, तुझा विचार न करता?

पोर जाईल म्हणून तू भितेस, हे मला कळतं. मी तुझी बहीण आहे, मला नाही कळणार तर कोणाला. जाईल कदाचित. तरी सांग.

फिना


पिनो आल्तो, ३ फेब्रुवारी १९९८

फिना,

सांगितलं.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी मी तुला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. ज्यांच्या घरात पंखे फिरतात त्यांना खरं बोलणं सोपं असतं, असंही म्हटलं. आणि सोमवारी कान्देलारिया आली.

दोन्या आबुंदिया सकाळच्या बसने आली. काळं नेसलेली, हातात पोरीसाठी विणलेली पांढरी टोपी. लेंचाने तामाले करून पाठवले होते. त्या दिवशी घरात तामाले नाहीत असं चालत नाही, मग घर कसंही असो. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. कोणी पान सोडवलं नाही. नाबोर आपल्या सासूला मान खाली घालून सांगायला लागला की आई पोरीला सांभाळेल, मी पैसे पाठवत जाईन, तुम्हाला वाटेल तेव्हा येऊन बघा. आणि मग म्हणाला, ओतिलियाने असं करायला नको होतं, पण तिला आता दोष देऊन काय.

दोन्या आबुंदियाने मान हलवली. ती त्याचं समाधान करायला निघाली होती, फिना. आपल्या मेलेल्या पोरीतर्फे माफी मागायला निघाली होती. म्हणाली, लहानपणापासून ती थंडीला जरा...

मी म्हटलं, थांबा. खिडकी मी कोंबली.

मग सगळं सांगितलं. एवारिस्तोचा निरोप आला होता हे सांगितलं. चिंध्या, गोधडी, उंबऱ्याचं कांबळं, सगळं. तुझं नाव घेतलं नाही. हात माझेच होते.

नाबोर उठला आणि मागच्या दाराने अंगणात गेला. दार उघडंच राहिलं, वारं आत येत होतं, कोणी लावायला उठलं नाही. मला वाटलं आता ही बाई मला मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. ती त्या टोपीचे बंद बोटांना गुंडाळत बसली.

मग तिने विचारलं, "माझ्या पोरीने उघडायला सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "हो."

"कितीदा?"

"रोज. शेवटच्या सकाळी चुलीपाशी येऊ द्या म्हणाली. मी येऊ दिलं नाही."

तिने डोळे मिटले. रडली नाही. इतके दिवस तिच्या मनात काय असेल याचा मी विचारच केला नव्हता. आपली पोर एवढी वेडी कशी, आपण तिला काही शिकवलं कसं नाही, असंच काहीतरी घेऊन ती बाई हिंडत असेल. ते तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिलं. त्याच्या जागी दुसरं काही आलं ते मात्र माझ्याने बघवलं नाही.

तिने टोपी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.

"लेकरू द्या," म्हणाली.

नोएमी माझ्या मांडीवर जागी होती, माझ्या झग्याचं बटण धरून. मी तिची मूठ सोडवली. एक बोट सोडवलं की दुसरं घट्ट व्हायचं. शेवटी दोन्या आबुंदियाच पुढे झाली आणि तिने ती मूठ सोडवली, हळू, पोरीला दुखणार नाही अशी. नाबोर त्यांना बसपर्यंत पोचवायला गेला आणि त्याच बसमध्ये चढला.

शेळीचं दूध आज सकाळीही काढलं. लेंचाला देऊन टाकलं.

तोमासा